चेरोकींचा नायक जॉन रॉस

अमेरिकेच्या आग्नेय भागातील डोंगरदऱ्यांत चेरोकी नावाचे आदिवासी लोक पूर्वापार नांदत होते. त्यांच्यात १७९० साली जॉन रॉस याचा जन्म झाला. त्याचे बरेचसे पूर्वज स्कॉटिश होते. परंतु मनाने तो सर्वस्वी चेरोकीच राहिला.

१८१४ च्या मार्च महिन्यात हॉर्सशू बेंड येथे अमेरिकेच्या सैन्याची क्रीक जमातीच्या एका गटाशी लढाई झाली. अँड्र्यू जॅक्सन हा अमेरिकन सेनापती होता. त्याच्या साहाय्यास गेलेल्या चेरोकी पथकात तरुण रॉस अधिकारी होता. शत्रूच्या पाठीशी नदी होती. काही चेरोकी वीरांनी पोहत जाऊन पलीकडच्या होड्या आणल्या. त्यांतून योद्धे पार झाले आणि त्यांनी मागून हल्ला चढविला. जॅक्सनच्या विजयात या पराक्रमाचा मोठा वाटा होता.

हाच जॅक्सन पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा १८३० साली त्याच्याच कारकीर्दीत झाला! जॉर्जिया राज्यानेही चेरोकींच्या भूमीवर आपले कायदे लादले. चेरोकींचा प्रमुख या नात्याने रॉसने शस्त्र उचलले नाही; त्याने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १८३१ साली, चेरोकी हे परराष्ट्र नसल्याने त्यांना तेथे दावा लावता येत नाही, असे ठरले. तथापि पुढच्याच वर्षी, जॉर्जियाने तुरुंगात टाकलेल्या वुस्टर नावाच्या मिशनऱ्याच्या खटल्यात, चेरोकींच्या भूमीवर त्या राज्याचे कायदे चालत नाहीत, असा निर्णय मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल याने दिला.

न्याय मिळाला, परंतु तो अमलात आला नाही. १८३५ साली मूठभर चेरोकींनी भूमी सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. रॉसने हजारो लोकांच्या सह्यांचा निषेधअर्ज पाठविला. तरी सिनेटने करार मंजूर केला. १८३८ साली सैनिकांनी लोकांना घरांतून बाहेर काढले. पश्चिमेच्या त्या प्रवासात व छावण्यांत थंडी, उपासमार आणि रोग यांनी सुमारे चार हजार माणसे दगावली, असे मानतात. रॉसची पत्नीही वाटेतच निवर्तली.

नव्या भूमीत चेरोकींनी १८३९ साली राज्यघटना केली; पुढे शाळा आणि न्यायालये उभारली. १८६६ साली मृत्यू येईपर्यंत रॉस आपल्या लोकांसाठी वॉशिंग्टन येथे वाटाघाटी करीत होता. त्याच्या हयातीत दुर्लक्षिला गेलेला १८३२ चा तो निर्णय मात्र मागे उरला. आदिवासींच्या हक्कांच्या खटल्यांत अमेरिकेची न्यायालये आजही त्याचा उल्लेख करतात.