माटाकोहे

माटाकोहे हे न्यू झीलंडच्या उत्तर बेटावरील नॉर्थलंड प्रदेशातील, कायपारा खाडीलगतचे एक लहान खेडे आहे. १८६२ पासून इंग्लंडहून आलेल्या अल्बर्टलँडर वसाहतकारांपैकी काही कुटुंबे येथे स्थायिक झाली. पंतप्रधान गॉर्डन कोट्स (कार्यकाळ १९२५–२८) येथलेच. गाव आज ओळखले जाते ते मात्र १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कौरी संग्रहालयामुळे.

कौरी हा उत्तर न्यू झीलंडमधील प्रचंड सूचिपर्णी वृक्ष होय. त्याचे खोड सरळ असून बऱ्याच उंचीपर्यंत त्याला फांद्या नसतात; त्यामुळे गाठी नसलेले लांब लाकूड मिळते. डोलकाठ्या, घरे व होड्या यांसाठी १९व्या शतकात त्याची बेसुमार तोड झाली. संग्रहालयात वाफेवर चालणाऱ्या लाकूड गिरणीची प्रतिकृती आणि २२ मीटरांहून लांब अशी एकसंध फळी आहे. भिंतीवर जुन्या महावृक्षांच्या खोडांचे घेर प्रत्यक्ष आकारात आखले आहेत. आज हयात असलेला सर्वांत मोठा कौरी ‘ताने माहुता’ याचा घेर सुमारे १४ मीटर आहे. तोही या वर्तुळांत थोरला ठरत नाही. नुसत्या आकड्यांनी न उमगणारी हानी येथे डोळ्यांना दिसते.

जमिनीतून खणून काढलेल्या कौरी डिंकाचा, म्हणजे खरे तर राळेचा, मोठा संग्रहही येथे आहे. व्हार्निश व लिनोलियमसाठी ती निर्यात होई. खणणाऱ्यांत माओरींबरोबर डाल्मेशियातून आलेले मजूरही होते.

वायपोआ अरण्याला १९५२ मध्ये संरक्षण मिळाले. आता मुळे कुजवणारा रोग उरलेल्या वृक्षांना ग्रासत आहे. तो मातीतून पसरत असल्याने कौरीवनात शिरताना व बाहेर पडताना पादत्राणे घासून निर्जंतुक करावी लागतात.