ट्रेलर जोडला की गाडी का आदळते?

एकटी असताना मऊ चालणारी एसयूव्ही मागे ट्रेलर जोडताच आदळू लागते. मागच्या सीटवर बसलेल्यांना धक्के बसतात, आरशात ट्रेलरचे नाक सारखे वर-खाली होताना दिसते, आणि दोन तासांच्या प्रवासात चालकाची कंबर धरते. अमेरिकेत सुट्टी लागली की कॅम्पर किंवा बोट मागे ओढत शेकडो मैल जाण्याची पद्धत आहे. तिथे ही तक्रार नेहमीची. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही भाड्याने कॅम्पर घेतला की तिची ओळख होते. अशा वेळी पहिला उपाय म्हणून बहुधा नवे शॉक ॲब्सॉर्बर बसवले जातात. तो खर्च पुष्कळदा वाया जातो, कारण दोष शॉकमध्ये नसतो, वजन कुठे ठेवले आहे त्यात असतो.

दोष शोधायची सुरुवात धक्क्याच्या तालापासून करावी. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. ट्रेलरच्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर ते चाक सेकंदाला अकरा वेळा फिरते. चाकाचे बॅलन्सिंग बिघडले असेल किंवा टायरला फुगवटा आला असेल तर थरथर याच गतीने येते, आणि वेग वाढला की तीही वाढते. काँक्रीटच्या महामार्गावर स्लॅबचे सांधे अनेक ठिकाणी १५ फुटांवर, म्हणजे सुमारे साडेचार मीटरवर असतात. त्यांचा ठोका याच वेगाला सेकंदाला पाच-सहा वेळा पडतो, आणि डांबरी रस्ता लागताच थांबतो. तिसरा प्रकार संथ डोलण्याचा. एकदा खड्डा लागला की गाडी सेकंदाला एक-दोन वेळा वर-खाली होत राहते, वेग कितीही असला तरी. हे डोलणे स्प्रिंग, शॉक आणि वजनाच्या मांडणीशी जोडलेले आहे. चौथा धक्का उभा नसून आडवा असतो: कोणीतरी मागून ढकलावे आणि लगेच ओढावे तसा. तो जोडणीतून येतो. यातला कोणता प्रकार आहे हे कळण्यासाठी एकाच रस्त्यावर वेग बदलून पाहावे, मग त्याच वेगाने दुसऱ्या रस्त्यावर, आणि शेवटी ट्रेलर सोडून एकटी एसयूव्ही चालवावी. एकटी असतानाही गाडी आदळत असेल तर ट्रेलरला दोष देण्यात अर्थ नाही.

यानंतर वजन. बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की तेच जू बैलांच्या मानेवर दाबते. ट्रेलरचेही नेमके हेच आहे. त्याचे नाक एसयूव्हीच्या हिच बॉलवर, म्हणजे मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, जितका दाब देते, त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेतल्या प्रवासी ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे असा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे २,२०० किलोच्या कॅम्परसाठी २२० ते ३३० किलो. यापेक्षा कमी झाले तर ट्रेलर मागून झोके खातो आणि वेगात शेपटीसारखा हलू लागतो; हा प्रकार जिवावर बेतू शकतो. जास्त झाले तर एसयूव्हीची मागची बाजू बसते.

मागची बाजू बसते तेव्हा काय होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. हिच बॉल मागच्या चाकांच्या थेट वर नसतो, त्यांच्या मीटरभर मागे असतो, त्यामुळे तरफेचा हिशेब लागू होतो. पुढच्या-मागच्या चाकांत २.८५ मीटर अंतर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.१५ मीटर मागे असेल, तर २५० किलो टंग वेटमुळे मागच्या चाकांवर सुमारे ३५० किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा सुमारे १०० किलो कमी होतो. त्यात तिसऱ्या रांगेतली माणसे आणि डिकीतले सामान मिळवले की मागच्या स्प्रिंगा पूर्ण दबतात आणि गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे रबरी ठोकळ्यांवर टेकते. त्यापुढे स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा थेट सांगाड्याला बसतो. तक्रार 'कडक सस्पेन्शन'ची असते, प्रत्यक्षात सस्पेन्शन संपलेले असते. खात्री करायला गाडीखाली वाकून बंप स्टॉप पाहावा. धुळीने माखलेल्या रबरावर स्वच्छ, चकचकीत गोल डाग दिसला तर तो तिथे वारंवार आदळत आहे. असा डाग दिसल्यावर कोणतेही नवे शॉक बसवून उपयोग होत नाही.

टंग वेट घरच्या वजनकाट्यावरही मोजता येते. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात. विटेवर पाइपाचा तुकडा आडवा ठेवून त्यावर भक्कम फळीचे एक टोक आणि काट्यावरच्या दुसऱ्या पाइपावर दुसरे टोक ठेवावे. दोन पाइपांमध्ये अंतर तीन फूट. विटेकडून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, ट्रेलरचे नाक फळीवर टेकवावे. काटा जे दाखवील त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. नाक प्रत्यक्ष जोडणीच्या उंचीवरच असले पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो. याहून चांगले म्हणजे ट्रकांचा वजनकाटा. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवर प्रत्येक ॲक्सलचे वजन वेगळे मिळते, आणि पुढच्या चाकांवर किती भार उरला हेही कळते. टंग वेट, माणसे आणि सामान यांची बेरीज एसयूव्हीच्या चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवरील माणसे-सामानाच्या मर्यादेशी ताडून पाहावी. टंग वेट त्याच मर्यादेत मोजायचे असते. नेमके हेच पुष्कळजण विसरतात.

उपाय पुष्कळदा फुकटचा असतो: जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर आणि किंचित पुढे सरकवणे, एसयूव्हीच्या डिकीतले काही सामान ट्रेलरमध्ये हलवणे. त्याने भागले नाही तर वजन वाटून देणारी हिच वापरतात. तिच्या स्प्रिंगसारख्या दांड्या मागचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर परत नेतात. मात्र या दांड्या गरजेपेक्षा जास्त ताणल्या तर जोडणी ताठ होते आणि गाडी आणखी खडखडते. जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची टेपने मोजावी आणि वाहनाच्या पुस्तिकेत सांगितली आहे तेवढीच परत आणावी.

टायरमधल्या हवेचे काम पाच मिनिटांचे. हवा टायर थंड असतानाच तपासायची. ट्रेलर पूर्ण भरलेला असेल तर टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ठेवण्याची शिफारस सर्रास होते. पण बोट उतरवून रिकामा ट्रेलर त्याच हवेवर ओढला तर तो दगडासारखा उड्या मारतो. रिकाम्या ट्रेलरचे आदळणे हा म्हणूनच फारसा काळजीचा विषय नाही: त्याच्या स्प्रिंगा आणि टायर भरलेल्या वजनासाठी बनवलेले असतात.

आडव्या धक्क्याचे मूळ जोडणीत शोधावे. अमेरिकेत बॉलचे माप वर कोरलेले असते: पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, दोन इंची, आणि त्याहून मोठा. दोन इंची कपलरमध्ये, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या नाकातल्या वाटीत, लहान बॉल बसवला तर तो बसतो खरा, पण खडखडतो आणि उसळून सुटूही शकतो. माप बरोबर असेल तर ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवावेत, एकाने एसयूव्ही जेमतेम पुढे-मागे करावी आणि दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून पाहावे. बॉल कपलरमध्ये हलतो की हिचची दांडी तिच्या चौकोनी नळीत, हे डोळ्यांना लगेच दिसते. युरोपातल्या ट्रेलरवर आत सरकणाऱ्या जोडणीतून ब्रेक लागतात; तिच्यातला डॅम्पर झिजला की प्रत्येक ब्रेकला ठण् असा आवाज येतो.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच पाटे आणि शॉक. दोन ॲक्सलच्या ट्रेलरवर पुढच्या-मागच्या पाट्यांमध्ये झोक्यासारखा इक्वलायझर असतो. तो एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे वाटतो. त्यातले प्लास्टिकचे बुश झिजले की बोल्ट लोखंडाची भोके लांबट करत जातो आणि इक्वलायझर अडकू लागतो. ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवणे हे स्वस्त आणि टिकाऊ काम आहे. रबरी टॉर्शन ॲक्सल असलेल्या ट्रेलरला इक्वलायझर नसतो, म्हणून त्याचे नाक वर किंवा खाली राहिले तर एकाच ॲक्सलवर जादा भार पडतो. एसयूव्हीच्या शॉकमधून तेल गळत असेल किंवा टायर ठिकठिकाणी वाटीसारखे झिजले असतील, तर मात्र शॉक बदलण्याला पर्याय नाही.

काही रस्ते कोणत्याही जोडणीला आदळवतातच. सांध्यांचे अंतर आणि गाडीची लांबी यांचा मेळ बसला की एसयूव्ही आणि ट्रेलर एकमेकांना डोलवत राहतात. वेग आठ-दहा किलोमीटरने कमी केला की हा मेळ मोडतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. जर्मनीत साधारणपणे ८०, आणि विशेष मंजुरी असेल तर १००. वेग उतरवूनही धक्का कमी होत नसेल, किंवा ट्रेलरचे एखादे चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेले लागत असेल, तर बेअरिंग, ब्रेक आणि टायर तपासल्याशिवाय तो ट्रेलर पुढे नेऊ नये.