लिटरमध्ये लिहिलेला आराखडा

आयर्लंडमध्ये 1984 पासून गोठ्यात दूध वाढलं तरी शेतकऱ्याला हात आखडावा लागे. युरोपीय समुदायाने दुधाचा कोटा ठरवून दिला होता. तो ओलांडला की दंड. 31 मार्च 2015 ला कोटा उठणार हे बरंच आधी ठरलं. त्या दिवसासाठी 2010 मध्ये सरकार, शेतकरी आणि दूध उद्योग एकत्र बसले आणि ‘फूड हार्वेस्ट 2020’ हा आराखडा तयार झाला. दहा वर्षांत दूध 50 टक्के वाढवायचं!

ही पूर्वतयारी मला मोलाची वाटते. तिथल्या गाई मुख्यतः चराऊ गवतावर पोसल्या जातात. वसंताच्या तोंडावर त्या वितात, मे महिन्याच्या सुमारास दूध शिगेला पोचतं आणि ऐन हिवाळ्यात कारखान्यांना फारसं काम उरत नाही. पुष्टकाळ आणि कृशकाळ आपल्या दूधसंघांनाही ठाऊक आहेत, पण तिथली तफावत फार मोठी. वाढीव दूध एकाच हंगामात अंगावर येणार, म्हणून लोणी, चीज, भुकटीची यंत्रं आधी उभी हवीत. वॉटरफर्ड बंदराजवळ बेलव्ह्यूला भुकटीचा मोठा कारखाना सुरू झाला तो 2015 मध्येच. देशातलं बहुतेक दूध असंच रूप बदलून परदेशी जातं. दुधाचं लक्ष्य मुदतीआधीच गाठलं गेलं.

पर्यावरणाची भाषा आराखड्यात होती. पण लिटरचं लक्ष्य जितकं नेमकं होतं, तशी नेमकी मर्यादा गाईंच्या संख्येला नव्हती. खरी चूक मला इथे दिसते. आग्नेय आयर्लंडची जमीन निचऱ्याची. शेण-मूत्रातला आणि खतातला जो नत्र गवत उचलत नाही, तो पाण्याबरोबर झिरपून स्लेनी, बॅरो, नोर या नद्यांत आणि पुढे खाड्यांत उतरतो. तिथे शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो.

युरोपात हेक्टरी 170 किलो शेणखती नत्राची मर्यादा आहे. आयरिश शेतकऱ्यांना सवलतीने 250 किलोपर्यंत मुभा होती. 2024 पासून अनेक भागांत ती 220 वर आली. 2021 च्या नव्या आराखड्याने पर्यावरणाला बरंच पुढे आणलं, पण गोठे तोवर बांधून झाले होते. कोटा उठतोय म्हणून ज्याने कर्ज काढून गाई वाढवल्या, त्याने आता त्या कमी करायच्या, नाहीतर जास्तीची जमीन खंडाने घ्यायची. शेजारचा दूधवालाही त्याच जमिनीच्या मागे आहे आणि बँकेचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच येतो.