काटा तोच, मग वजन दोन कसे?
(घरच्या वजनकाट्यावर एकसारखे व खरे वजन घेण्याची रीत)



दसरा-दिवाळी आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीपासून थेट उमरखेडपर्यंत, वावरं पांढरी दिसू लागतात. सकाळी बाया वेचणीला जातात आणि दिवस मावळायच्या आत धुऱ्यावर गाठोडी मोजायला येतात. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणून दिवसभराच्या घामाचा हिशोब शेवटी काट्यावरच्या एका आकड्यावर येऊन थांबतो, आणि बोलाचाली व्हायची ती तिथेच होते.

"काऊन जी भाऊ, सकाळी तुमच्या घरी मोजलं तवा बावीस भरलं. आता एकवीसच कसं?"

"मी काय करू बाई? काटा दाखवते तेच म्या सांगतो."

दोघेही खोटे बोलत नसतात. खोट असते ती मोजण्याच्या रीतीत. आता पुष्कळ घरी माणसाच्या वजनाचा चपटा काटा आला आहे. कोणाकडे तबकडीचा, कोणाकडे काचेचा आकडे दाखवणारा. त्यावर आपण स्वतःला मोजतो, शेळी मोजतो, कापसाचे गाठोडेही मोजून पाहतो. काटा स्वस्तातला असला तरी नीट वापरला तर तो दर वेळी बहुतेक तेच वजन दाखवतो. ती रीत या पत्रकात सांगितली आहे.

काटा आत काय करतो?

तबकडीच्या काट्यात वरच्या पत्र्याखाली चार कोपऱ्यांतून निघालेल्या पट्ट्या असतात. त्या भार एका स्प्रिंगकडे नेतात. स्प्रिंग जितकी ताणते तितकी तबकडी फिरते. आकडे दाखवणाऱ्या काट्यात चार पायांत चार लहान धातूच्या पट्ट्या असतात. भाराने त्या केसभर वाकतात. त्या वाकण्याने विजेच्या प्रवाहात जो फरक पडतो, त्यावरून आतले यंत्र चारही पायांची बेरीज करून आकडा दाखवते.

यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. सगळा भार चारही पायांवरून, सरळ खाली गेला पाहिजे. एक पाय अधांतरी राहिला, किंवा काट्याचे पोट खाली टेकले, तर काही भार काट्याला न कळताच जमिनीत जातो. मग वजन कमी दाखवते.

पहिली गोष्ट : जागा

आपली बहुतेक घरे काळ्या मातीवर. शेणाने सारवलेली जमीन पायाला गोड लागते, पण काट्याला चालत नाही. ती मऊ असते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. काट्याचे पाय तिच्यात कमीजास्त रुततात. सतरंजी, पोते, चटई यांवर ठेवलेल्या काट्याचीही हीच गत.

म्हणून एक शाहाबादी फरशी घ्या. ती घरात एका कोपऱ्यात सपाट बसवा. वाटीभर पाणी टाकून पाहा. पाणी एका बाजूला धावत असेल तर त्या बाजूखाली माती भरा. काटा ठेवल्यावर चारही कोपरे बोटाने दाबा. कुठेही डगमग नको. हीच काट्याची कायमची जागा. शेतात न्यायचा असेल तर फरशीचा तुकडाही सोबत न्यावा.

काटा उन्हात ठेवू नये. तापलेल्या काट्याचा आकडा सरकतो. थंड खोलीतून उन्हात, उन्हातून खोलीत असा नेला तर अर्धा तास तसाच पडू द्यावा आणि मग मोजावे.

दुसरी गोष्ट : शून्य

जागेवरून हलवलेला काटा आपले शून्य विसरतो. तबकडीच्या काट्याला बाजूला लहान चाक असते. रिकाम्या काट्यावर वरून सरळ पाहून ते चाक फिरवावे व शून्य जुळवावे. तिरपे पाहिले तर अर्ध्या किलोची चूक सहज होते.

आकड्यांचा काटा पायाने दाबून सुरू करावा, पाय काढून घ्यावा आणि शून्य दिसेपर्यंत थांबावे. मगच चढावे. सेल उतरला की असा काटा मनाला येईल तसे आकडे दाखवतो. वेचणीचा हंगाम सुरू होण्याआधीच नवा सेल टाकलेला बरा.

तिसरी गोष्ट : उभे राहणे आणि तीनदा मोजणे

दोन्ही पाय मधोमध, सारख्या अंतरावर ठेवावे. भिंतीला, खाटेला, कोणाच्या खांद्याला हात लावू नये. वाकून आकडा पाहू नये, तो दुसऱ्याने वाचावा. आकडा थांबेपर्यंत श्वासभर स्थिर राहावे.

मग उतरावे, शून्य येऊ द्यावे, पुन्हा चढावे. असे तीनदा करून मधला आकडा धरावा. ६१.३, ६१.५, ६१.४ असे आले तर ६१.४ लिहावे. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक हा काट्याचा दोष नव्हे. असा काटा बहुधा शंभर-शंभर ग्रॅमच्या पायऱ्यांनीच मोजतो.

इथे एक गंमत सांगतो. काही आकड्यांचे काटे मागचे वजन लक्षात ठेवतात. नवे वजन त्याच्या जवळपास असले की ते पुन्हा जुनाच आकडा दाखवतात. आपल्याला वाटते, काटा किती पक्का! याची परीक्षा सोपी आहे. एकदा रिकामे चढा. मग अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन चढा. आकडा अर्ध्या किलोने वाढला नाही, तर तुमचा काटा आठवणीवर बोलतो. अशा काट्यावर दोन मोजण्यांच्या मध्ये बादलीभर पाणी ठेवून एक वेगळे वजन घ्यावे, मग तो जुना आकडा सोडतो.

एकसारखे म्हणजे खरे नव्हे

तीनदा तेच वजन आले म्हणून ते खरे, असे समजू नका. घड्याळ रोज दहा मिनिटे मागे असले तर तेही एकसारखेच चालते, पण गाडी चुकतेच.

यासाठी घरचे वजन तयार करा. कोरडी रेती जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा. ज्या दुकानातल्या किंवा गिरणीतल्या काट्यावर सरकारी शिक्का आहे, तिथे ती पिशवीसकट बरोबर २० किलो करून घ्या. तोंड पक्के बांधा, पोत्यात शिवून टाका. अशा दोन पिशव्या करा. ओल लागली नाही तर त्या वर्षानुवर्षे तेच वजन दाखवतील.

आता एक पिशवी काट्यावर मधोमध ठेवा. १९.६ दाखवले. मग दोन्ही ठेवा. ३९.६ दाखवले तर काटा सरसकट ४०० ग्रॅम कमी दाखवतो. पण ३९.२ दाखवले तर चूक भाराबरोबर वाढते आहे, म्हणजे शंभरात दोनची खोट. अशा काट्यावर गाठोड्याचे २४.५ आले तर खरे वजन २५ किलो. हा हिशोब कागदावर लिहून काट्याजवळ भिंतीला लावा.

गाठोडे आणि शेळी

कापसाचे गाठोडे मोठे. काट्यावर ठेवले की कडेने खाली लोंबते, जमिनीला टेकते, वजन कमी येते. आकडाही त्याखाली झाकून जातो. म्हणून एकाने आधी एकटे चढावे, मग गाठोडे डोक्यावर घेऊन चढावे आणि वजाबाकी करावी. एकट्याचे ५२.४, गाठोड्यासकट ७४.१, म्हणून गाठोडे २१.७. कापडाचे ४०० ग्रॅम गेले, कापूस २१.३ किलो. दोन्ही वेळा माणूस तोच, कपडे तेच, मध्ये पाणीसुद्धा प्यायचे नाही.

सरसकट चूक असलेल्या काट्यावर ही वजाबाकी ती चूक आपोआप काढून टाकते. शंभरात दोनची खोट मात्र तशीच राहते, ती हिशोबाने काढावी.

शेळीचेही तसेच. तिला उचलून घेऊन चढावे. जंताचे औषध वजनावर द्यायचे असते, म्हणून अंदाज नको. वजन सकाळी, चरायला सोडण्याआधी घ्यावे. पोटभर चरून, पाणी पिऊन आलेली शेळी किलो-दीड किलोने सहज जास्त भरते. ते मांस नव्हे, चारापाणी आहे. माणसाचेही वजन सकाळी उपाशीपोटी, सारख्या कपड्यांत घ्यावे. तान्ह्या बाळासाठी मात्र ही वजाबाकी नको. त्याला दोनशे ग्रॅमसुद्धा मोठे. त्याला अंगणवाडीच्या काट्यावरच मोजावे.

काटा खरा, कापूस ओला

आता सुरुवातीच्या भांडणाकडे येऊ. सकाळचे बावीस, संध्याकाळचे एकवीस. काटा, जागा, रीत सगळे ठीक असूनही असे होते, कारण कापूस दवाचे पाणी धरतो आणि उन्हात सोडतो.

हिशोब पाहा. १०० किलो कापसात १२ टक्के ओल आहे. म्हणजे १२ किलो पाणी, ८८ किलो कोरडा माल. वाळून ओल ८ टक्के झाली, तर तोच ८८ किलोचा माल ९५ किलो ६५० ग्रॅम भरतो. क्विंटलमागे सव्वाचार किलोंहून जास्त वजन गेले आणि एक बोंडही चोरीला गेले नाही! भारतीय कपास महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा ८ टक्के ओल प्रमाण मानते. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. म्हणून दव उतरल्यावर वेचावे, आणि मजुरीचे वजन रोज एकाच वेळी, मजुरासमोर घ्यावे. काल सकाळी आणि आज संध्याकाळी असे नको.

कायदा काय म्हणतो?

घरचा काटा हा खातरजमेसाठी आहे. देण्याघेण्याच्या व्यवहाराला तो चालत नाही. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यात वजनावर ठरणारी मजुरीसुद्धा व्यवहारातच धरली आहे. त्यासाठी पडताळणीचा शिक्का असलेलाच काटा हवा. इलेक्ट्रॉनिक आणि स्प्रिंगच्या काट्यांची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. खेडा खरेदीला व्यापारी आला तर आधी शिक्का व प्रमाणपत्र पाहा, मग गाठोडे उचला. संशय आल्यास जिल्ह्याच्या वैध मापनशास्त्र निरीक्षकाकडे तक्रार करता येते. आणि शेतातला स्प्रिंगचा ताणकाटा भार लटकवून रात्रभर ठेवू नका. स्प्रिंग सैल पडते.

थोड्याशा चुकीचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. गाठोड्यामागे ३०० ग्रॅम, दिवसाला दोन गाठोडी, चाळीस दिवसांची वेचणी. एका बाईचे २४ किलो झाले. दहा बायांचे २४० किलो. काटा कमी दाखवत असेल तर तेवढी मजुरी त्यांची बुडाली. जास्त दाखवत असेल तर न वेचलेल्या कापसाचे पैसे शेतकऱ्याने मोजले. दोन्हीकडे नुकसान गरिबाचेच.

ध्यानात ठेवा

१. काटा कठीण, सपाट फरशीवर ठेवा, सावलीत ठेवा.
२. दर वेळी शून्य पाहूनच चढा.
३. तीनदा मोजा, मधला आकडा धरा.
४. हंगामात दर आठवड्याला रेतीच्या पिशवीने काटा तपासा.
५. गाठोडे व शेळी वजाबाकीने मोजा.
६. कापूस कोरडा, वेळ ठरलेली, वजन सगळ्यांसमोर.
७. व्यवहार शिक्क्याच्या काट्यावरच.

रेतीची पिशवी येत्या बाजाराच्या दिवशीच मोजून आणा. वीस किलो रेतीने घरादाराचा आणि मजुराचा, दोघांचा विश्वास राहतो.