हौद आणि गादी

कोल्हापूरच्या तालमीत हौदाची माती नुसती आणून टाकलेली नसते. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मुरवतात. प्रमाण ज्याच्या त्याच्या वस्तादाचं. पहाटे पोरं खोऱ्यानं हौद उकरतात, हीच पहिली मेहनत. मग मारुतीला नमस्कार, जोर, बैठका आणि लढत. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, काळा इमाम या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या दिवस असाच उजाडला.

मात्र ही परंपरा दारं लावून कधी बसली नाही. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि पुढं कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. 1912 मध्ये ते पुरं झालं. मधोमध हौद, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट कुणी काढला ते दिसतं. दरबाराचा आश्रय पंजाबातल्या मल्लांनाही होता आणि खेड्यातल्या पोरांनाही. अस्सल कोल्हापुरी म्हणून आपण जे मिरवतो, त्यात रोमही आहे आणि पंजाबही.

माती आणि गादी, म्हणजे मॅट, यांतला खरा फरक निकालाचा. मातीत पाठ टेकली, आभाळ दिसलं, की कुस्ती संपली; जुन्या मैदानांत तोवर घड्याळाला कुणी विचारत नसे. म्हणून खाली आलेला मल्ल पोटावर घट्ट पडून राहतो, दम खातो, वरच्याला दमवतो. वरचा जांघियाला हात घालून त्याला पलटायला बघतो. गादीवर हे सगळं महागात पडतं. मागून ताबा दिला की दोन गुण गेले, पाय बाहेर पडला की एक, पोशाख धरला की फाऊल. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच खेळ खलास. मातीत जो धीर पैलवानाला तारतो, तोच इथं बुडवतो.

खाशाबा जाधवांनी हा फरक अंगावर घेतला. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी राजाराम कॉलेजात शिकला. 1948 साली लंडनला आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नसताना सहावा आला आणि 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मातीच्या संस्कृतीचं मोठेपण मला लंगोटाच्या ब्रह्मचर्यापेक्षा या गहाणखतात जास्त दिसतं.

मातीला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, काय असते हे चांगलं ठाऊक असतं. बाईला हौदाजवळ फिरकू न देणारीही हीच परंपरा. मुलींना मोठं दार उघडलं ते गादीनं. 2004 साली अथेन्सला महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा कुठं घरोघरचे बाप जरा विचार करू लागले.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी भिडतात. ऑलिंपिकमध्ये मात्र हौद नाही. तेव्हा हौद जपावाच, पण बारा वर्षांच्या पोरापोरींना गादीसाठी गाव सोडावं लागू नये. जत्रेच्या मैदानात एकेका जोडीवर लाखांची इनामं लागतात. यंदा त्यातली एक जोड कमी करा आणि तेवढ्या पैशाची गादी गावच्या तालमीला द्या.