गिरण्यांची जमीन आणि न झालेला आराखडा

मुंबईच्या ऐन मध्यावर 58 कापड गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे 600 एकर जमीन होती. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा या जमिनीचा विचार कोणाच्या मनात नव्हता. मागण्या पगाराच्या, बोनसच्या आणि बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत आणि दहा वर्षांच्या आत सगळी चर्चा सुतावरून जमिनीवर आली.

1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 क्रमांकाचा नियम हा या वादाचा पाया. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. नियम न्याय्य होता. पण जुनी बांधकामं जागेवर ठेवून आतला वापर बदलला तर वाटणी करावी लागत नव्हती, आणि मालकांनी ती वाट धरली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आली, दुकानं आली. शहराच्या वाट्याला मात्र मैदान आलं नाही.

या साऱ्या काळात एकच क्षण असा होता, जेव्हा वेगळं काही घडू शकलं असतं. 1996 साली राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या 25 गिरण्यांचा त्यांनी विचार केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक गिरणीचे वेगळे तीन तुकडे पाडले तर हाती चिंधीएवढी बाग आणि कोपऱ्यातली एक इमारत येईल. त्याऐवजी सगळ्या जमिनी एकत्र धरा, सलग मोकळी जागा काढा, रस्ते आखा. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांभोवती, जिथे रोज लाखो माणसं उतरतात, तिथे चालणाऱ्यांसाठी प्रशस्त चौक करा. अहवाल आला आणि बाजूला पडला. या सगळ्या मागोव्यात मला सर्वांत जास्त हळहळ त्याच अहवालाची वाटते. कोर्ट, संघटना, मालक, सरकार पुढे वीस वर्षं कोणाला किती वाटा मिळावा यावर भांडत राहिले. परळ कसं दिसावं, माणसांनी तिथे चालावं कसं, हा प्रश्न त्यानंतर गांभीर्याने कोणी विचारलाच नाही.

2001 साली सरकारने नियम 58 बदलला. आता वाटणी व्हायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीच्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. गिरण्यांच्या आवारात शेड दाटीवाटीने उभ्या असल्याने शहराचा वाटा फार मोठ्या प्रमाणात घटला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने 2005 साली उच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी एनटीसीच्या ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्रमांक 3 या गिरण्या शेकडो कोटींना विकल्या गेल्या. ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा त्याचा अर्थ होता. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि मनोरे चढू लागले.

त्याचे परिणाम पुढे माणसांनी भोगले. जिथे कोरियांनी चौक सुचवला होता, त्याच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. चेंगराचेंगरीला पाऊस आणि अफवा निमित्त झाल्या. पण गिरण्यांच्या जागी हजारो कर्मचाऱ्यांची कार्यालयं आली आणि पूल तेवढाच राहिला, हे मूळ कारण होतं. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जणांचा जीव गेला.

या वादातून कामगारांच्या पदरी जे काही पडलं, ते त्यांनी झगडून मिळवलं. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी 1989 साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. संप हरलेल्या, विखुरलेल्या, वय झालेल्या माणसांना एकत्र ठेवणं हे काम किती कठीण असेल! म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरं मिळालीच पाहिजेत, हे त्यांनी आणि इतर संघटनांनी सरकारकडून मान्य करून घेतलं. 2012च्या सोडतीत 6,925 घरं निघाली, पुढे 2016 आणि 2020 साली आणखी काही. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात होते. इस्वलकर 2021 साली गेले. तोवर बहुतेक अर्जदार घराची वाटच पाहत होते आणि कित्येकांच्या अर्जांवर आता वारसांची नावं चढली आहेत.

आता सरकार त्यांना मुंबईबाहेरची, शेलू आणि वांगणीची घरं दाखवतं. जुलै 2025मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले ते एवढंच सांगायला, की घर मुंबईतच हवं. ही मागणी हट्टाची नाही, कारण मुंबईत गिरण्यांची जमीन अजून उरली आहे. टाटा, पोदार, दिग्विजय या एनटीसीच्या गिरण्या 2020च्या टाळेबंदीपर्यंत चालू होत्या. त्या जमिनींचा निर्णय करताना कामगारांच्या घरांचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या जागेचा आराखडा लिलावापूर्वी लोकांसमोर मांडावा.