उद्यमबागेतला प्रतिध्वनी

करोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, आणि कपाळासमोर धरायचं ते ताप मोजणारं पांढरं पिस्तूल निपाणी-बेळगावच्या घराघरांत माहीत झालं. ते अंगावर कसले तरी किरण सोडतं, अशी भीती अनेकांना होती. प्रत्यक्षात ते काहीच सोडत नाही. आपल्या कपाळातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात आणि पिस्तूल ते फक्त गोळा करतं. विल्यम हर्शेल यांनी 1800 साली लोलकातून निघालेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हा अदृश्य उजेड तेव्हापासून आपल्या हाती आहे.

बेळगावला याच जातीचं यंत्र साथीच्या कितीतरी आधीपासून कामाला आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्र्यांत लोखंडाचा रस चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून साच्यात ओततात. रस थंड पडला तर साच्याचा कोपरा भरत नाही, फार तापला तर कास्टिंगला दुसरेच दोष येतात. पायरोमीटर नावाचं हे यंत्र लांबूनच तापमान सांगतं, पण त्याची एक अट असते. ते तापमान मोजत नाही, येणारे किरण मोजतं आणि त्यावरून आकडा काढतं. रसावर मळी आली की किरण बदलतात आणि आकडाही बदलतो. म्हणून जाणता कामगार आधी मळी बाजूला सारतो, मगच नेम धरतो. अधिक चांगली यंत्रं दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे किरण घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात, त्यामुळे ती कमी फसतात.

घरातल्या टीव्हीचा रिमोट मात्र खरोखरच किरण सोडतो, तेही सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकत. खोलीत ऊन असतं, दिवे असतात, त्यांच्यातही अवरक्त किरण असतात. या ठरावीक लुकलुकीमुळे टीव्ही आपल्या रिमोटची खूण ओळखतो. हात पुढे करताच सुरू होणाऱ्या नळातले किरण तळव्यावरून परततात. महामार्गावरच्या टोलनाक्यांवर लेनच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्यांतून अशा किरणांचा पडदा धरलेला असतो. फास्टॅग रेडिओलहरींवर वाचला जातो, पण एक वाहन कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे हा पडदा सांगतो. ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधला जोडदांडाही त्याला दिसावा लागतो, नाहीतर एकाची दोन वाहनं मोजली जातील.

आवाजाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. मोटार मागे घेताना टूं-टूं करणारा सेन्सर साधारण 40 हजार हर्ट्झची हाक देतो. माणसाचा कान वीस हजारांच्या पुढचं ऐकत नाही. हाक भिंतीवर आपटून परत येते. गेलेला वेळ गुणिले आवाजाचा वेग, भागिले दोन, एवढंच गणित. भिंत एक मीटरवर असेल तर हा फेरा सेकंदाच्या हजाराव्या भागांत सहाहून थोडा कमी भरतो. पण हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटर. साध्या सेन्सरमध्ये एकच वेग धरलेला असला, तर बेळगावच्या थंडीत बारा अंशांना आणि उन्हाळ्यात छत्तीस अंशांना त्याच दोन मीटरवरच्या भिंतीच्या मापात आठ सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रोजेक्टसाठी स्वस्तातला सेन्सर घेणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी सोबत तापमानाचाही सेन्सर जोडावा, तो याच कारणासाठी.

ही विद्या या जिल्ह्याला नवी नाही. खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं ही जात जगात फक्त याच गुहेत सापडते असं मानलं जाई; नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. त्याची हाक बहुतेक वटवाघळांपेक्षा खालच्या पट्टीतली, माणसाच्या ऐकण्याच्या सीमेजवळची असते. खालच्या पट्टीतला आवाज हवेत कमी विरतो आणि लांबवर पोचतो. मोकळ्या आभाळात वेगानं उडणाऱ्याला तोच सोयीचा. वटवाघळं प्रतिध्वनीवर वाट काढतात हे डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस यांनी 1940 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिलं. 2011 साली या भागात भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा या वटवाघळाचं नाव आवर्जून घेतलं गेलं. अभयारण्यासाठी याहून रास्त कारण मला सुचत नाही.

उद्यमबागेतला प्रतिध्वनी हवेतून नव्हे, लोखंडातून येतो. एसजी आयर्नच्या रसात मॅग्नेशियम घालतात, म्हणजे आतलं ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमतं आणि कास्टिंग चिवट होतं. ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियमचा असर ओसरतो, गोळ्या बिघडतात, आणि वरून मात्र काहीच कळत नाही. तिथे लोखंडात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा प्रोब लागतो. कास्टिंगवर तेल किंवा जेल लावतात, कारण मधे हवेचा पातळ थर राहिला तरी आवाज आत शिरत नाही. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर जेल लावतात तेही याचसाठी. चांगल्या एसजी आयर्नमध्ये आवाज सेकंदाला साडेपाच हजार मीटरांच्या वर धावतो, फार बिघडलेल्यात पाच हजारांच्याही खाली येतो. वीस मिलिमीटर जाडीच्या तुकड्यात जाऊन-येऊन हा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास भरतो. जाडी मात्र आधी कॅलिपरनं नीट मोजलेली हवी, तिथे चूक झाली तर वेगही चुकीचा निघतो. ज्याची रचना ठाऊक आहे असा ठोकळा आधी तपासून यंत्र जुळवतात, मग एकेका कास्टिंगवर प्रोब टेकवतात. वेग कमी भरलेलं कास्टिंग बाजूला काढतात आणि ते पुन्हा भट्टीत जातं.